रहिवासी कोण? अमेरिकेतील एका फीचा इतिहास

वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले, म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता किंवा संप यांवर बोलणार, अशा समजुतीने श्रोते येऊन बसतात. आज आम्ही यांपैकी कशावरही बोलणार नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फीविषयी आम्ही बोलणार आहोत. हा विषय आमच्या वाट्याला कसा आला ते आधी सांगितले पाहिजे, कारण आम्ही इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. दहावीपुढचे आमचे सारे शिक्षण युनियनच्या कचेरीत, शब्दकोश शेजारी ठेवून झाले.

काही वर्षांपूर्वी लेथवर काम करणारा एक कामगार आपल्या मुलीला घेऊन आमच्या कचेरीत आला. त्याचा मूळ कारखाना बंद पडल्यावर तो गुजरातेत वापीला गेला, तेथे आठ वर्षे राबला आणि पुन्हा आपल्या गावी परतला. मुलीच्या कॉलेजप्रवेशासाठी अधिवासाचा दाखला हवा होता. दाखला देणाऱ्या कचेरीने पंधरा वर्षांच्या सलग वास्तव्याचा पुरावा मागितला, आणि मधली आठ वर्षे काही केल्या भरून निघेनात. बापाने पिशवीतून रेशनकार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या, भाड्याच्या पावत्या काढून आमच्या टेबलावर मांडल्या. इतका वेळ गप्प बसलेली मुलगी म्हणाली, "काका, तिकडे आम्हाला महाराष्ट्राचे म्हणायचे. इथे गुजरातचे म्हणतात. मग फॉर्मात काय लिहू?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते शोधता शोधता आम्ही अमेरिकेपर्यंत जाऊन पोचलो. तेथे हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ कोर्टकचेऱ्यांत घासला गेला आहे, आणि त्याची बरी-वाईट दोन्ही उत्तरे नोंदवून ठेवलेली आहेत.

प्रथम तिथली व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेत पन्नास राज्ये आहेत आणि प्रत्येक राज्याची स्वतःची सरकारी विद्यापीठे आहेत. त्यांचा काही भार राज्याच्या तिजोरीवर, म्हणजे तिथल्या करदात्यांवर पडतो. म्हणून ही विद्यापीठे दोन दर ठेवतात. राज्याच्या रहिवाशाला कमी फी, बाहेरच्याला जास्त. फरक किरकोळ नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२४ साली पदवीच्या वर्गातील बाहेरच्या विद्यार्थ्याला रहिवाशापेक्षा वर्षाला तीस हजार डॉलरांहून अधिक रक्कम जास्त भरावी लागत होती. साहजिकच 'मी इथला रहिवासी आहे' हे सिद्ध करणे ही तिथल्या कुटुंबांची एक मोठी लढाई होऊन बसली आहे. घरभाड्याचा करार, वाहन चालवण्याचा परवाना, मतदारयादीतले नाव, राज्याला भरलेला आयकर, असे कागद जमवावे लागतात. बहुतेक ठिकाणी सुमारे एक वर्ष आधीपासून तेथे राहत असल्याचे दाखवावे लागते. केवळ शिकण्यासाठी आलेला मनुष्य कितीही दिवस राहिला तरी तो रहिवासी ठरेलच असे नाही. कायमचे राहण्याचा इरादा दाखवावा लागतो, आणि इरादा तर कोणाच्याच कपाळावर लिहिलेला नसतो.

या प्रश्नाचे मूळ मात्र विद्येत नसून भाकरीत आहे. इंग्लंडात दुसऱ्या चार्ल्सच्या काळी, १६६२ साली, वसाहतीचा एक कायदा झाला. तेथे प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, आपापले गरीब पोसावेत अशी रीत होती. त्यामुळे दुसरीकडचा गरीब आपल्या गळ्यात पडू नये ही प्रत्येक पॅरिशची चिंता. नव्या कायद्याने असे ठरवले की, वर्षाला दहा पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या घरात कोणी नवखा येऊन राहिला आणि तो उद्या मदत मागेल अशी शंका आली, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला मूळ ठिकाणी परत धाडता यावे. त्याने मदत मागितलेली असण्याची गरज नव्हती. नुसता गरीब असणे पुरे होते. ॲडम स्मिथ याने १७७६ साली या कायद्यावर कडक टीका केली. एका ठिकाणी मजूर मिळत नाहीत, शेजारी मजुरांना काम मिळत नाही, आणि मधली पॅरिशची वेस ओलांडणे डोंगर ओलांडण्यापेक्षा कठीण, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. भांडवलदारांचा हा आद्य अर्थशास्त्री या बाबतीत मजुरांच्या बाजूने बोलून गेला, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

इंग्रज अमेरिकेत गेले ते हा कायदा मनात घेऊनच. न्यू इंग्लंडातली गावे नवख्या गरिबाला 'गाव सोडून जा' अशी रीतसर ताकीद देत. तो प्रत्यक्षात गेला नाही तरी गावावर त्याला पोसण्याची जबाबदारी राहत नसे. वसाहती स्वतंत्र झाल्यावर १७८१ साली अमलात आलेल्या पहिल्या संघकरारात एका राज्याच्या लोकांना दुसऱ्या राज्यात जाण्यायेण्याची मोकळीक दिली गेली, परंतु भिकारी, भटके आणि फरारी गुन्हेगार यांना तीतून वगळले होते. कंगाल आणि गुन्हेगार एका ओळीत! १७८७ च्या राज्यघटनेत ही वगळणूक राहिली नाही. मात्र राज्यघटनेतून गेलेली गोष्ट लोकांच्या मनातून जायला फार वेळ लागतो.

आता विद्येकडे वळू. वरमॉन्ट राज्यात जस्टिन मॉरिल नावाचा एका लोहाराचा मुलगा होता. पंधराव्या वर्षी त्याची शाळा सुटली. दुकानदारी करीत, स्वतःच वाचीत तो शिकला आणि पुढे काँग्रेसमध्ये निवडून गेला. शेतकरी आणि कारागीर यांच्या मुलांना उच्च शिक्षण मिळावे म्हणून त्याने एक विधेयक आणले. १८५९ साली अध्यक्ष ब्यूकॅनन यांनी ते नाकारले. २ जुलै १८६२ रोजी, ऐन यादवी युद्धात, अध्यक्ष लिंकन यांनी त्यावर सही केली. प्रत्येक राज्याला काँग्रेसमधील त्याच्या प्रत्येक सभासदामागे तीस हजार एकर या हिशेबाने सरकारी जमीन किंवा तिचे हक्कपत्र मिळाले. ती विकून उभ्या राहिलेल्या निधीच्या व्याजावर शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजे चालवायची होती. आमच्यासारख्या शाळा सुटलेल्या माणसाला हा मॉरिल आपलाच वाटतो.

परंतु इतिहास एकाच डोळ्याने पाहून चालत नाही. ही जमीन आली कोठून? ती सुमारे अडीचशे आदिवासी जमातींची होती. काही करारांनी आणि काही सरळ बळजबरीने घेतलेली. तिचे क्षेत्र एक कोटी एकरांहून अधिक भरते. 'रहिवासी कोण' हे ठरवणाऱ्या कॉलेजांचा पाया त्या भूमीच्या पहिल्या रहिवाशांना उठवून घातला गेला, ही गोष्ट या विषयावर बोलणाऱ्याने विसरता कामा नये. २०२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने राज्यात राहणाऱ्या, मान्यताप्राप्त जमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क न घेण्याचे ठरवले. मॉरिलच्या कायद्याला तोवर एकशे साठ वर्षे झाली होती.

कॅलिफोर्निया विद्यापीठ १८६८ साली स्थापन झाले, ते राज्याच्या रहिवाशांना विनामूल्य शिकवावे या हेतूने. मग बाहेरून विद्यार्थी येऊ लागले, आणि त्यांनी फी द्यावी असे ठरले. पण बाहेरचा म्हणजे कोण? कायद्याने एक वर्षाच्या वास्तव्याची अट घातली, आणि १९२२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. येथून 'एक वर्ष' हे माप अमेरिकेत चांगलेच रुजले.

इकडे विद्यार्थ्यासाठी एक वर्षाची वेस, तर तिकडे मजुरासाठी पोलिसांचीच वेस. १९३० नंतरच्या मंदीत आणि अवर्षणात ओक्लाहोमा, टेक्सस, आर्कान्सस येथले उद्ध्वस्त शेतकरी कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागले. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजलिसच्या पोलीसप्रमुखाने आपले १३६ शिपाई राज्याच्या सीमेवर नेऊन उभे केले आणि खिशात पैसे नसलेल्यांना परत लावले. परक्या राज्यातील निर्धनाला गाडीतून आणणे हा तिथल्या कायद्याने गुन्हा होता. टेक्ससमधून आपल्या बेकार मेव्हण्याला घेऊन येणाऱ्या एका माणसाला याच गुन्ह्याखाली शिक्षा झाली. १९४१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला. गरीब असणे म्हणजे साथीचा रोग नव्हे, हे न्यायालयाला १६६२ नंतर पावणेतीनशे वर्षांनी सांगावे लागले.

मजुराला वेस ओलांडता आली. पण ओलांडल्यावर त्याला खायला मिळणार का? हा पुढचा प्रश्न १९६९ साली 'शापिरो विरुद्ध थॉम्सन' या खटल्यात सुटला. एकोणीस वर्षांची एक गरोदर तरुणी, कडेवर एक मूल, मॅसॅच्युसेट्समधून कनेक्टिकटला आपल्या आईकडे राहायला आली. राज्यात एक वर्ष पूर्ण नाही म्हणून तिला मदत नाकारली गेली. न्यायालयाने सांगितले की, गरिबांना येण्यापासून परावृत्त करावे म्हणून अशी अट घालणे घटनेविरुद्ध आहे. मात्र त्याच निकालपत्राच्या एका तळटीपेत न्यायाधीश ब्रेनन यांनी हेही नमूद केले की, फीमाफीच्या शिक्षणासाठी असलेल्या वास्तव्याच्या अटीविषयी येथे आम्ही काही मत देत नाही. अन्नाचा दरवाजा उघडला. विद्येचा दरवाजा तळटीपेत राहिला.

दोनच वर्षांत त्या दरवाजावर थाप पडली. मिनेसोटा विद्यापीठाच्या एक वर्षाच्या अटीला दोन विद्यार्थिनींनी आव्हान दिले आणि त्या हरल्या. अन्नवस्त्राची गरज वेगळी, कॉलेजचे शिक्षण वेगळे, असे खालच्या न्यायालयाने म्हटले. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

आणि मग १९७३ साल उजाडले. 'व्लॅन्डिस विरुद्ध क्लाइन' हा या सबंध इतिहासातला आमच्या मते सर्वांत शिकण्याजोगा खटला. कनेक्टिकटने १९७१ साली असा नियम केला की, विवाहित विद्यार्थ्याचा पत्ता प्रवेशाचा अर्ज करताना राज्याबाहेरचा असेल, किंवा अविवाहिताचा पत्ता अर्जापूर्वीच्या वर्षात कधीही बाहेरचा असेल, तर तो विद्यार्थी शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच राहील. मध्ये काहीही घडो. खटल्यातल्या एका विद्यार्थिनीने कॅलिफोर्नियातून अर्ज केला होता. तिने कनेक्टिकटच्या जन्मजात रहिवाशाशी लग्न केले, तेथे घर केले, तिच्या मोटारीची नोंदणी तेथली, मत तेथले; तरी विद्यापीठाच्या लेखी ती परकी. १९७२ च्या दुसऱ्या सत्रात रहिवाशाला १७५ डॉलर फी होती. तिला ४२५ डॉलर, आणि वर परकेपणाचे २०० डॉलर द्यावे लागले.

सहा विरुद्ध तीन मतांनी तो नियम रद्द झाला. न्यायाधीश स्ट्यूअर्ट यांच्या निकालाचे सार असे: खऱ्या रहिवाशाला सवलत देण्याचा राज्याला अधिकार आहे. त्यासाठी वाजवी मुदतीची अट घालण्यासही न्यायालयाने आडकाठी केली नाही. परंतु एखाद्याला कायमचे परके ठरवून, आपण आता इथले झालो हे सिद्ध करण्याची संधीच नाकारणे हा अन्याय आहे. मनुष्य अर्ज टपालात टाकताना जेथे उभा होता, तेथेच त्याला जन्मभर खिळून ठेवता येणार नाही.

श्रोतेहो, आम्ही युनियनचे लोक हा भेद लगेच ओळखतो. आमच्या युनियनच्या सहाय्यक निधीतूनही नव्या सभासदाला पहिल्या दिवशी मदत मिळत नाही. सहा महिने वर्गणी भरावी लागते. जुन्यांनी पोटाला चिमटा घेऊन उभा केलेला तो निधी आहे. तेव्हा राज्याने 'थोडे थांब, आमच्यातला हो' असे म्हणण्यात आम्हाला मूलतः गैर दिसत नाही. पण उशिरा आलेल्याला 'तू कधीच सभासद होऊ शकणार नाहीस' असे सांगणारी युनियन असेल, तर ती युनियन नव्हे, ती टोळी.

यापुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. टेक्ससमध्ये परवान्याविना देशात आलेल्यांच्या मुलांकडून टायलर गावच्या शाळांनी १९७७ पासून वर्षाला हजार डॉलर मागायला सुरुवात केली. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते बंद पाडले. तो निकाल शाळांपुरता होता. तीच मुले मोठी होऊन कॉलेजच्या दाराशी आली, तेव्हा २००१ साली त्याच टेक्ससने कायदा केला की, राज्यात तीन वर्षे राहून तेथेच हायस्कूल पूर्ण केलेल्याला रहिवाशाची फी लागेल. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने तीन वर्षे तिथल्या हायस्कुलात शिकलेल्यांना जादा फी माफ केली. या सवलतीवर खटला झाला. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने अशा मुलांना केवळ वास्तव्याच्या आधारावर सवलत देण्यावर बंधन घातले होते. सवलतीचा आधार वास्तव्य नसून हायस्कूल आहे, असे म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ती टिकवली. टेक्ससचे नशीब निराळे निघाले. ४ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने त्या कायद्याविरुद्ध दावा लावला, राज्य सरकारने तो त्याच दिवशी मान्य केला, आणि त्याच दिवशी न्यायालयाचा हुकूमही झाला. चोवीस वर्षे चाललेला कायदा एका दिवसात गेला. ज्यांची फी बदलली, त्या विद्यार्थ्यांचे म्हणणे त्या दिवशी कोणी मांडलेच नाही.

१९९९ सालच्या एका निकालात न्यायालयाने आणखी एक भेद सुचवला. गरिबाला मिळणारी मदत तो राज्यात राहूनच खर्च करतो, परंतु कॉलेजचे शिक्षण ही बरोबर घेऊन जाता येणारी वस्तू आहे, अशा अर्थाचे ते म्हणणे. हे खरे आहे. पण कामगाराचे कसबही असेच असते. एका राज्यात शिकलेला फिटर दुसऱ्या राज्याचे कारखाने चालवतो, तेव्हा त्या राज्याने त्याच्या शिक्षणाला एक पैही दिलेली नसते. घेताना हिशेब नाही, मग देतानाच तो का आठवावा?

हा प्रश्न आपल्याकडे आला नाही असे नाही. मराठी माणसांना परिचित अशा इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारत राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांवर जादा शुल्क होते. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याला वर्षाला १३०० रुपये जादा पडले. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. २७ जानेवारी १९५५ रोजी बहुमताने निकाल झाला की, घटनेच्या पंधराव्या कलमात जन्मस्थळावरून भेद करण्यास मनाई आहे, रहिवासावरून नाही. म्हणून शुल्क वैध. न्यायाधीश जगन्नाथदास यांनी विरोधी मत नोंदवले. १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात न्यायाधीश भगवती यांनी स्पष्ट केले की, भारतीयाचे अधिवास एकच, भारताचे. आणि २९ जानेवारी २०२५ रोजी पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील रहिवासावर आधारलेल्या राखीव जागा सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या. म्हणजे आपला इतिहासही अजून संपलेला नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येऊ. त्याचे उत्तर आम्हाला सापडले ते कॅलिफोर्नियाच्या एका जुन्या कायद्यात. १८७२ साली तेथे रहिवासाची जी व्याख्या झाली, ती आजही विद्यार्थ्यांच्या फीसाठी वापरली जाते. तिचा आशय असा: मजुरीसाठी किंवा दुसऱ्या तात्पुरत्या कामासाठी बाहेर बोलावले गेले नसता मनुष्य जेथे राहतो, आणि विसाव्याच्या दिवसांत जेथे परततो, ते त्याचे राहण्याचे ठिकाण. ही व्याख्या वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि आमच्या डोळ्यांपुढे गणपतीला आणि शिमग्याला कोकणच्या गाडीला लोंबकळणारे चाकरमानी उभे राहिले. ऊसतोडीला कर्नाटकात जाऊन पावसाळ्याआधी परतणारी बीडकडची कुटुंबे उभी राहिली. मजुरीने रहिवास तुटत नाही, ही गोष्ट कायद्याच्या भाषेत कोणीतरी दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती.

त्याच राज्याने आणखी एक पाऊल टाकले आहे. हंगामाबरोबर राज्याराज्यांतून फिरणाऱ्या शेतमजुराने मागील दोन वर्षांत दरवर्षी किमान दोन महिने कॅलिफोर्नियाच्या शेतात काम केले असेल, तर तिथल्या कम्युनिटी कॉलेजात त्याला रहिवासी मानतात. त्याच्यापाशी घरभाड्याचा करार नसेल. त्याची मजुरी हाच त्याचा पुरावा.

आमची मागणी याहून मोठी नाही. राज्याने रहिवास जरूर विचारावा. पण पोटासाठी बाहेर घालवलेली वर्षे खंड म्हणून मोजू नयेत, आणि कारखान्याचा हजेरीपट व भविष्यनिर्वाह निधीचा उतारा हे घरपट्टीच्या पावतीइतकेच खरे मानावेत. ज्याच्या नावावर घर नाही त्याच्या नावावर निदान काम असते.

त्या मुलीला त्या वर्षी दाखला वेळेत मिळाला नाही. जागा गेली. बापाने वापीच्या जुन्या कारखान्यातून, इथल्या शाळेतून, ग्रामपंचायतीतून एकेक कागद जमवला. आम्ही अर्ज लिहिले. दुसऱ्या वर्षी दाखला हाती आला आणि ती कॉलेजात गेली. लोक म्हणतात, एक वर्षच गेले ना? हजेरीवर पोट असलेल्या घरात एक वर्ष म्हणजे काय, ते त्या घराला विचारावे. दाखला घेऊन ती आमच्या कचेरीत पेढे द्यायला आली, तेव्हा आम्ही तिला विचारले, "मग, फॉर्मात काय लिहिलेस?" ती म्हणाली, "गावाचे नाव लिहिले, काका. आजी तिथेच आहे. आम्ही दर दिवाळीला तिथेच यायचो."

कॅलिफोर्नियाचा कायदा तिने वाचलेला नव्हता.